चाल : नेहमीची



आमच्या घरी एक जुनी वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी, कोपरे झिजून गोल झालेली. आमच्या आईने ती मुंबईत असताना लिहिली. १९६९ साली आम्ही इस्राएलला आलो तेव्हा भांडीकुंडी पुष्कळशी मागे राहिली, पण ही वही आईने लुगड्याच्या घडीत घालून बरोबर आणली. वहीत आपल्या बायकांची गाणी आहेत. हळदीची, मेंदीची, पाळणे आणि कीर्तनातली पदे. बेने इस्राएलांच्या कितीतरी घरांत अशा वह्या होत्या. तुमच्याही कपाटात एखादी असेल, शोधून पहा.

त्या वेळी गाण्याच्या वर चाल लिहिण्याची पद्धत होती. अमक्या नाटकातल्या पदाची चाल, तमक्या कीर्तनातल्या पदाची चाल. सूर कोणी लिहीत नसे, तशी गरजही भासत नसे. आमच्या वहीत एका पानावर बाळ मोशेचा पाळणा आहे. आई बाळाला टोपलीत घालून नदीकाठी ठेवते आणि बहीण दुरून पाहत उभी राहते, तो प्रसंग. त्याच्यावर आईने दोनच शब्द लिहिले आहेत : ‘चाल : नेहमीची’.

नेहमीची! रेवदंड्याला आजीच्या अंगणात बसणाऱ्या प्रत्येक बाईला ती ठाऊक होती, मग आईने आणखी काय लिहावे? आज ते अंगण नाही, आई नाही. आम्हाला शब्द वाचता येतात, पण गाता येत नाहीत. शब्द वहीत राहिले आणि चाल माणसांबरोबर चालली.

म्हणून आज आम्ही मोबाईलवर आवाज आणि चित्र कसे टिपतात त्याबद्दल लिहीत आहोत. तुम्ही म्हणाल, ह्या निवृत्त नर्सबाईला म्हातारपणी हे काय सुचले? पण आमच्या हातून एक चूक झाली आहे. ती तुमच्या हातून होऊ नये एवढाच हेतू.

झाले असे. २०१८ च्या डिसेंबरात, हनुक्काच्या दिवसांत, आम्ही दिमोनाला आमच्या थोरल्या मावशीकडे गेलो. मावशीचे वय ९१. डोळ्यांना कमी दिसे, पण आवाज खणखणीत. वहीतला पाळणा वाचून दाखवला तशी ती हसली. म्हणाली, “अगं, ही तर आपली नेहमीची चाल!” आणि गायला लागली. आम्ही फोन काढला, पाण्याच्या जगला टेकवून टेबलावर उभा केला आणि लाल बटण दाबले. मावशी पाळणा गायली, मग हळदीची गाणी गायली, मग योसेफाच्या आख्यानातली दोन पदे. मध्ये मध्ये गुडघ्यावर थाप मारून ताल धरत होती. चांगली पंचवीस मिनिटे झाली. आणि आमच्या फोनची बॅटरी संपली. पडदा काळा.

आम्हाला वाटले, काही हरकत नाही, झाले तेवढे तर आत असेल. घरी येऊन फोन चार्ज केला. फाइल होती, आकारानेही मोठी होती, पण उघडेना. ‘ही फाइल चालवता येत नाही’ एवढेच येई. दोन दुकानांत दाखवले, जमले नाही. मावशीला फोन केला तर म्हणाली, “त्यात काय एवढं? परत ये, परत गाईन.” आम्ही म्हटले, पुढच्या आठवड्यात येतो. पुढचा आठवडा गेला, त्याच्या पुढचाही गेला. जानेवारीत तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

अडतीस वर्षे इस्पितळात काम केलेल्या माणसाने ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणावे, ह्याचे दुःख आम्हाला अजून आहे.

ती फाइल का उघडली नाही, हे आम्हाला पुढे आमच्या नातवाने समजावले. लष्करातली सेवा संपल्यावर तो मोबाईलचे अ‍ॅप बनवायला शिकत होता. तो म्हणाला, “आजी, फोन व्हिडिओ घेतो तेव्हा चित्र आणि आवाज यांचे तुकडे फाइलीत भरत जातो. कुठला तुकडा कुठे ठेवला, त्याची अनुक्रमणिका एमपी४ फाइलीत बहुधा शेवटी लिहिली जाते. तू स्टॉप दाबतेस तेव्हा. तुझा फोन त्याआधीच बंद पडला. पाने सगळी आहेत, पण पुस्तक बांधलेलंच नाही.”

हे ऐकून आम्हाला आमचा वॉर्ड आठवला. नव्या नर्सला पहिल्या दिवशी आम्ही काय सांगत असू? नाडी पाहिलीस, ताप पाहिलास, की लगेच तक्त्यावर लिही. ड्यूटी संपताना एकदम सगळे लिहीन म्हणू नकोस. मध्येच धावपळ झाली तर काय? जे लिहिले नाही ते पाहिलेच नाही, असे धरतात. नातवाला आम्ही म्हटले, “मग तुझ्या यंत्राला कोणी हे शिकवलं नाही का?” तो म्हणाला, “शिकवता येतं. मीच शिकवतो.” आणि त्याने घरच्यापुरते एक छोटे अ‍ॅप करायला घेतले. ते करताना त्याच्याबरोबर आम्हीही पुष्कळ शिकलो. ते सोपे करून सांगतो.

आधी आवाज. फोनच्या खालच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे भोक असते, त्याच्या आत मायक्रोफोन. त्यात एक अतिशय पातळ पडदा असतो. आपण गातो तेव्हा हवा हलते, पडदा हलतो, आणि फोन त्या हलण्याचे माप घेतो. किती वेळा? एका सेकंदात ४४,१०० किंवा ४८,००० वेळा! एवढे कशाला? तापाचे उदाहरण घ्या. दिवसातून एकदाच ताप पाहिला तर संध्याकाळी चढलेला ताप कळणारच नाही. चार चार तासांनी पाहिला तर चढउतार दिसतो. आवाजाचेही तसेच. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि तो नीट पकडायचा तर निदान दुप्पट वेळा माप घ्यावे लागते. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवर सेकंदाला ८,००० मापे पुरत. म्हणून फोनवरून ऐकलेले बोलणे कळते, पण गाणे पातळ आणि कोरडे लागते. मावशीला फोनवर गायला लावून ते टिपून ठेवू, असा विचार कोणी करत असाल तर करू नका. समोर जाऊन बसा.

आता चित्र. व्हिडिओ म्हणजे हलणारे चित्र नव्हेच, भराभर काढलेले फोटो! सेकंदाला साधारण ३०. एका फोटोत १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. बालमित्रांनो, प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन आकडे धरून गुणाकार करून पहा. एका सेकंदाला १८ कोटींहून जास्त आकडे येतात! एवढे सगळे ठेवायला गेलो तर फोन काही मिनिटांत भरून जाईल. म्हणून फोनमध्ये ‘कोडेक’ नावाची व्यवस्था असते. ती काय करते? मावशी खुर्चीवर बसली आहे, मागे भिंत आहे. भिंत तर हलत नाही. मग तीच भिंत सेकंदात तीस वेळा कशाला लिहायची? मधून मधून पूर्ण फोटो ठेवायचा आणि बाकी वेळी फक्त काय बदलले ते लिहायचे : ओठ हलले, हात वर गेला. आवाजाचेही कोडेक असते. न दाबलेला चांगला आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो, तोच नीट दाबला की सुमारे १ एमबी.

शिवाय प्रत्येक फोटोवर आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारावा लागतो. दोघांची घड्याळे जुळली नाहीत तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. नातवाचे पहिले अ‍ॅप असेच होते. त्यात आम्ही बोलताना एखाद्या डब केलेल्या सिनेमातल्या बाईसारखे दिसत होतो. घरात सगळे पोट धरून हसले.

पण खरी गडबड दुसरीच निघाली. त्याने आमच्याकडून गाऊन घेतले आणि ऐकवले. शब्द स्वच्छ, पण सूर लांबवला की आवाज हळूहळू विरून जाई, आणि टाळ्या तर नाहीशाच! आम्हाला वाटले, आपलाच दम कमी पडला. दोन दिवसांनी त्याला कारण सापडले. अ‍ॅप लिहिताना फोनला सांगावे लागते की मायक्रोफोन कशासाठी हवा आहे. त्याने ‘संभाषणासाठी’ असे सांगितले होते. संभाषणात फोन आपल्या शहाणपणाने मागची गडबड काढून टाकतो. पंख्याची घरघर एकसारखी चालते, ती गडबड. आणि कोणी लांब सूर धरला तर तोही एकसारखाच चालतो, म्हणून तीही गडबड! म्हणजे यंत्राच्या हिशेबी मावशीचा आलाप आणि छताचा पंखा एकच. अ‍ॅण्ड्रॉइडमध्ये आवाजावर काही प्रक्रिया न करता तो आहे तसा घेण्याची सोय २०१६ पासून आहे, ज्या फोनला जमते त्याच्यावर. नातवाने ती लावली तेव्हा सूर परत आला. त्याबरोबर आमच्या फ्रिजची घूंघूंही आली. मग फ्रिज बंद करून गायलो.

यानंतर परवानगी. हा भाग आम्हा नर्सेसचा जिव्हाळ्याचा. पूर्वी अ‍ॅण्ड्रॉइडवर अ‍ॅप घेतानाच सगळ्या परवानग्या एकदम द्याव्या लागत. २०१५ पासून, कॅमेरा किंवा मायक्रोफोन वापरायची वेळ येते तेव्हा अ‍ॅपला विचारावे लागते, आणि आपण नाही म्हणू शकतो. आयफोनवर २०२० पासून मायक्रोफोन चालू असला की वर नारिंगी ठिपका आणि कॅमेरा चालू असला की हिरवा ठिपका दिसतो. अ‍ॅण्ड्रॉइडवर २०२१ पासून दोन्हींसाठी हिरवी खूण येते. आपण काही करत नसताना ती खूण दिसली तर समजा, कोणते तरी अ‍ॅप ऐकते किंवा पाहते आहे. नातवंडांकडून तपासून घ्या.

पण वाचकहो, ही परवानगी झाली फोनवाल्याची. गाणाऱ्याची परवानगी फोन विचारत नाही, ती आपणच विचारायची. ऑपरेशनच्या आधी रोग्याला सगळे समजावून मग सही घेतात ना? तसेच. कशासाठी टिपतो, कोण ऐकणार, कोणाला पाठवणार, हे आधी सांगायचे. आणि मागाहून माणूस ‘नको’ म्हणाला तर पुसायचे.

ह्याचा प्रत्यय लवकरच आला. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही आणि नातू लोदला धाकट्या मावशीकडे गेलो. तिचे वय तेव्हा ८८. या खेपेस आम्ही तयारीने गेलो. फोन पूर्ण चार्ज केलेला, बरोबर जादा बॅटरी. एअरप्लेन मोड लावला, कारण मध्येच कॉल आला तर फोन मायक्रोफोन त्या कॉलला देतो आणि रेकॉर्डिंग थांबते किंवा मुके होते. एसी आणि पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, पडदे ओढले. मावशी म्हणाली, “मारायचा विचार आहे का गं मला ह्या उकाड्यात?” तिला थंड पाणी दिले, आणि दहा दहा मिनिटांनी पंखा लावून विश्रांती द्यायचे ठरले. फोन तिच्यापासून हातभर अंतरावर पुस्तकांच्या चळतीवर ठेवला. नातवाचे अ‍ॅप दर दोन मिनिटांनी एक फाइल पूर्ण करून ठेवत होते आणि लगेच पुढची सुरू करत होते. बॅटरी गेली तरी फार तर दोन मिनिटे जातील.

आधी मावशीला गाणे आठवेना. मग बोलता बोलता आठवू लागले. बोलण्याच्या भरात तिने आपल्या एका नातेवाईक बाईची अशी काही हजेरी घेतली की विचारू नका! मग एकदम दचकून म्हणाली, “हे पण आलं का त्यात? ते काढ हो बाळा.” नातवाने तिच्यासमोर तो भाग पुसला आणि पुसल्याचे तिला दाखवले. त्यानंतर ती मोकळेपणी गायली. विश्वास बसल्याशिवाय गळा सुटत नाही.

शेवटी आम्ही वही उघडून बाळ मोशेचा पाळणा वाचला. तिने डोळे मिटले, उजव्या हाताने मांडीवर थाप धरली, आणि पहिले कडवे आले. आमच्या अंगावर काटा आला. तीच चाल! दुसरे कडवे आले. तिसऱ्याला ती अडखळली, थांबली, आणि म्हणाली, “इथं ताई वर चढायची. मला तेवढं यायचं नाही कधी. मी खालीच राहायची.” आणि ती आपल्या खालच्या सुरात पाळणा पुरा करून गेली.

ताई, म्हणजे आमची दिमोनाची मावशी, तिथे कशी वर चढायची ते आता कोणालाच माहीत नाही. ते त्या न उघडणाऱ्या फाइलीत आहे. पण ती चढायची एवढे तरी आता नोंदले गेले. नातू म्हणाला, मावशीचे हे बोलणे गाण्यातून कापून टाकू का? आम्ही म्हटले, मुळीच नको. मावशीला विचारले, तीही म्हणाली, “राहू दे.”

चित्राचाही फायदा झाला. थाप कुठल्या अक्षरावर पडते ते नुसत्या आवाजावरून आम्हाला नीट कळत नव्हते, हात पाहिल्यावर कळले. आता आमच्या ज्येष्ठांच्या मोआदोनमध्ये आम्ही चौघीजणी तो पाळणा गातो. तिसऱ्या कडव्याला चौघीही खालीच राहतो.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अ‍ॅप बनवता आले नाही तरी चालेल, फोनमध्ये असलेला कॅमेराही पुरतो.

१. आधी गाणाऱ्याला विचारा. दमलेल्या माणसाला गळ घालू नका, दुसरा दिवस ठरवा. मात्र तो दिवस तारखेनिशी ठरवा आणि त्या दिवशी जा.

२. बॅटरी पूर्ण, एअरप्लेन मोड चालू, फोनमध्ये जागा मोकळी. हे तिन्ही आधी पहा.

३. लांबलचक एकच रेकॉर्डिंग करू नका. एक गाणे झाले की स्टॉप दाबा, मग दुसरे सुरू करा.

४. पहिले अर्धे मिनिट घेऊन लगेच ऐकून पहा. मायक्रोफोनच्या भोकावर बोट किंवा फोनचे कव्हर आले आहे का, ते तेव्हाच कळते.

५. सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि गाणे कोणाकडून शिकले ते गाणाऱ्याच्याच तोंडून बोलवून घ्या. फाइललाही तेच नाव द्या. ‘व्हिडिओ १७’ म्हणजे कोण, हे दहा वर्षांनी कोणाला कळणार?

६. त्याच दिवशी दोन प्रती काढा. एक घरच्या कॉम्प्युटरवर, एक दुसऱ्या घरी. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला तर तो आणखी दाबला जातो आणि त्याचा दर्जा उतरतो. म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीच्या हातात रोगी सोपवते, तसे हे सोपवायचे असते. हरवणाऱ्या, पडणाऱ्या, पाण्यात बुडणाऱ्या फोनवर एकटे सोडायचे नसते.

बालमित्रांनो, हा लेख बहुधा तुम्हाला आजी किंवा आजोबा वाचून दाखवत असतील. तुम्हाला फोन आमच्यापेक्षा चांगला कळतो आणि आम्हाला गाणी तुमच्यापेक्षा जास्त येतात. म्हणजे काम निम्मे निम्मे झालेच आहे. शब्बाथ संपला की आजीजवळ बसा आणि विचारा, तुझी नेहमीची चाल कोणती?

आमच्या वहीतल्या त्या पानावर, आईच्या अक्षराखाली, आम्ही आता पेन्सिलीने एक ओळ घातली आहे. त्या दिवसाची तारीख, लोद, धाकट्या मावशीचे नाव आणि फाइलचे नाव. शाईने लिहिणार होतो, पण नातू म्हणाला, फाइल पुढेमागे दुसरीकडे हलवावी लागेल, तेव्हा पत्ता बदलेल, पेन्सिलच बरी. त्याचे म्हणणे पटले. बदलला की पुन्हा लिहू.